बातमी, अफवा आणि विश्वास

सामान्य माणसाच्या हातातल्या मोबाइलवरून निघालेला मजकूर राजकारण कसा हलवतो आणि बातमीवरचा विश्वास कसा ढळवतो, हे बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच आठवड्यात दिसले.

एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले आणि मग १६ ऑगस्टच्या रात्री गुन्हा नोंदवला गेला. या दिरंगाईची हकीकत व्हॉट्सॲपच्या गटांतून घरोघर पोचली, पाठोपाठ बंदची हाकही. २० ऑगस्टला जमाव रुळांवर उतरला. अंबरनाथ ते कर्जत लोकल दिवसभर ठप्प झाल्या. समजूत घालायला आलेले मंत्री गिरीश महाजन यांचे म्हणणे आंदोलकांनी ऐकले नाही. संध्याकाळी लाठीमार करून रूळ मोकळे करण्यात आले.

दबावाचे फळ लगेच दिसले. पोलीस अधिकारी निलंबित झाले, विशेष तपास पथक नेमले गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मात्र तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आंदोलक बाहेरून आणल्याचा आरोप केला, तर विरोधकांनी महाराष्ट्र बंद पुकारला. त्याच सुमारास एका मुलीचा मृत्यू झाल्याची खोटी पोस्ट पसरली. पोलिसांनी ती अफवा असल्याचे सांगून एका तरुणीला अटक केली. शहरात इंटरनेट बंद ठेवण्यात आले. त्यामुळे अफवेबरोबर खरी बातमीही अडली.

मजकुरावरची कारवाई आणि अफवेचे परिणाम, या दोन्ही बाजूंचा महाराष्ट्राला अनुभव आधीच होता. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ६६ अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. याउलट १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

मोबाइलवरची पोस्ट दडपलेली तक्रार चव्हाट्यावर आणू शकते, पण पडताळणी तिच्या आवाक्यातली नसते. ते काम वार्ताहराचे आणि वेळेवर खरी माहिती देणे हे प्रशासनाचे. हे दोघे उशिरा बोलले, की त्यांच्या आधी अफवा बोलते.