शेजारची शाळा कोणाची?

(शिरवणे येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिरवण्याच्या जमिनीची कथा येथील जाणत्यांना नव्याने सांगावयास नको. ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत आली, १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि भातशेतीच्या जागी कारखाने व इमारती उभ्या राहिल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र लढले. जानेवारी १९८४ च्या जासई आंदोलनातील गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. परंतु भूखंड एकदाच मिळतो. जमीन गेलेल्या घराच्या पुढच्या पिढीला उरतो तो शिक्षणाचाच आधार. कारखान्यात राबण्यासाठी परमुलखातून आलेल्या कामगाराच्या मुलालाही दुसरा आधार नाही.

कष्टकऱ्यांच्या करातून उच्चवर्णीयांच्या विद्येवर खर्च होतो, हे महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) समान शाळा पद्धतीचा पुरस्कार केला. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा अंमलात येण्यास मात्र १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

या काळात विद्यार्थ्याचे जगच बदलले. एका आळीतील मुले एका वर्गात बसत. आज ऐपतीप्रमाणे त्यांच्या शाळा वेगळ्या झाल्या आहेत. शाळेच्या जोडीला क्लास आला. २०२० मध्ये कोविडने शाळांना कुलूप लावले, तेव्हा वर्ग मोबाइलवर भरला आणि घरातला एकमेव फोन घेऊन बाप कामावर गेला की मुलाची शाळा सुटली. विद्यार्थी हा नागरिक न राहता गिऱ्हाईक झाला.

२००९ च्या या कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतही प्रवेशस्तरावर पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला या बंधनातून सूट! मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलास स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये तो निर्णय कायम ठेवला.

शासनाचा युक्तिवाद वरकरणी सरळ होता: सरकारी शाळा शेजारी असताना खाजगी शाळेचे शुल्क सरकारने का भरावे? समाजवाद्यांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही. पंचवीस टक्के जागा म्हणजे समान शाळा नव्हे; उरलेली मुले जेथे शिकतात ती शाळा त्यामुळे सुधारत नाही. पण शेजारची सरकारी शाळा पुरेशी आहे असे म्हणणाऱ्या याच शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी शाळा देणगीदारांना दत्तक देण्याची योजना काढली होती. गरिबासाठी जी शाळा पुरेशी, तिच्यासाठीच दाता शोधावयाचा, हे कोणते धोरण? सरकारी शाळा सर्वांना हवीशी वाटेल इतकी चांगली करावी, मग पंचवीस टक्क्यांची गरज आपोआप सरेल. तोवर हे एकमेव दार बंद करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

न्यायालयाने हक्क राखला. तो वस्तीपर्यंत नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. अर्ज संगणकावर भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळाल्यास सोडतीतील जागा हातची जाते. या कामात दरवर्षी पालकांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. दुसरे काम अधिक मोलाचे आहे. याच कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. कागदावरील या समित्या जाग्या करा. शिक्षक किती हवेत, किती आहेत, शाळेचा विकास आराखडा कोठे आहे, हे विचारण्याचा अधिकार धुणीभांडी करणाऱ्या आईलाही कायद्याने दिला आहे.

जमिनीच्या मोबदल्यासाठी हा पट्टा एकजुटीने लढला. शेजारच्या शाळेसाठी तशीच एकजूट उभी राहिली, तरच ती शाळा खऱ्या अर्थाने सर्वांची होईल.