नव्याची हौस आणि जुन्याची डागडुजी

(मंडळाच्या वर्धापनदिनी अमरावती येथे केलेले भाषण)



बचत गटाचा हिशेब मी संगणकावर ठेवते, म्हणून त्याविषयी चार शब्द बोलावेत असा आपला आग्रह झाला. आज मी माझी एक चूकच सांगणार आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये उबुंटू या विनामूल्य प्रणालीची 23.10 ही आवृत्ती निघाली. ताजी म्हणून मी हौसेने तीच मंडळाच्या संगणकावर घातली. तिची देखभाल अवघी नऊ महिने व्हायची, हे मी पाहिलेच नाही. जुलै 2024 मध्ये ती थांबली. दिवाळीला अकोल्याहून भाची आली. ती म्हणाली, "अगं मावशी, चाळीस जणींच्या पैशाचा हिशेब तू उघड्या दारात ठेवलास की!"

मग तिने मला समजावले. आपण मृगाआधी कवेलू फेरतो. घर तेच राहते, फुटके कवेलू तेवढे बदलतो. दीर्घ मुदतीची आवृत्ती म्हणजे असेच घर. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलात निघते आणि पाच वर्षे तिची डागडुजी विनामूल्य होते. 24.04 म्हणजे 2024 चा एप्रिल. तीत नवी कलाकुसर फारशी येत नाही. पण चोर शिरेल अशी फट दिसली की ती बुजवली जाते. नव्या घडणीत सापडलेला दोष जुन्या घडणीतही तपासून, तिला जुळेल असा दुरुस्त करायचा, हे मोठ्या चिकाटीचे काम आहे. गोधडी शिवणाऱ्या आजीसारखेच त्याचेही कौतुक कोणी करीत नाही.

मात्र दुरुस्ती निघाली तरी ती लावून घ्यावी लागते. मार्च 2017 मध्ये विंडोजची एक दुरुस्ती निघाली. ज्यांनी ती लावली नाही, अशा असंख्य संगणकांना मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने कुलूप घातले. इंग्लंडातल्या कित्येक इस्पितळांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. विंडोज 10 ची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. आपल्या घरी ती आहे का, हे आज जाऊन अवश्य पाहा.

भाचीने आधी सर्व हिशेबाची नक्कल काढली, मगच 24.04 घातली. तिची मुदत 2029 पर्यंत आहे. हे साल मी खतावणीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. तेव्हा चिटणीस कोणीही असो, तिला ते दिसावे.