दुनळी रायफलीचा धक्का

.४७० बोअरच्या दुनळी रायफलीतून सुमारे ३२ ग्रॅमची गोळी सुटते, तेव्हा पाच किलोंचे ते हत्यार खांद्यावर आदळतेच. परंतु आफ्रिकेच्या रानात रेड्यापुढे उभ्या शिकाऱ्याचा घात धक्का करीत नाही. त्याचे भय करते. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, नेम चुकतो, जखमी जनावर अंगावर येते. म्हणून आम्ही नवशिक्यांस सांगतो : उभे राहून, किंचित पुढे झुकून दस्ता खांद्यात घट्ट बसवावा. कान झाकावेत. धक्क्याने दुसरा चापही ओढला जाऊ नये, यास्तव एकच नळी भरावी. मोजकेच बार काढावेत. सोबत्याने मधूनच नकळत बिनदारूचे काडतूस घालावे. भय असल्यास नळी हलेल. ती स्थिर राहू लागली, म्हणजेच दुसरी नळी भरावी.