अक्षरांना मिळालेला पत्ता
(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



माहिती तंत्रज्ञानातील आंतरराष्ट्रीय मानके हा विषय संयोजकांनी सुचवला, तेव्हा मी त्यांना स्पष्टच म्हणालो की, मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि संगणकाशी माझा संबंध लेख टंकित करण्यापुरता. त्यावर ते हसून म्हणाले, "ज्याचे हात पोळले आहेत, त्यानेच या विषयावर बोलावे." हात कसे पोळले, ते आधी सांगतो.

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा पत्रकारितेत उमेदवारी करीत होतो. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात जो हाहाकार उडाला, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यांच्या आठवणी मी रोज संध्याकाळी लिहून घेई. नऊ प्रकरणे झाली. ती एका टंकलेखन केंद्रात संगणकावर उतरवून घेतली आणि तीन फ्लॉपींवर जपून ठेवली. छपाईला पैसे जमले नाहीत. पुढे गुरुजी गेले. २००९ मध्ये त्यांच्या नातीने आजोबांच्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने त्या फाईल नव्या संगणकावर उघडल्या. पडद्यावर काय यावे? डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि उलटी प्रश्नचिन्हे! ज्या व्यावसायिकाचा फाँट वापरून ते टंकन झाले होते, त्याने धंदा केव्हाच गुंडाळला होता. हस्तलिखित वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या होत्या, कारण "आता सगळे संगणकात आहे" असे मीच घरच्यांना सांगितले होते.

हे का घडले, हे समजून घ्यायला अभियंता व्हावे लागत नाही. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे आधी ठरवावे लागते. इंग्रजीसाठी अमेरिकेत १९६३ मध्ये 'आस्की' नावाची अशी सारणी ठरली. तीत जागा १२८. त्यात आपल्या वर्णमालेला स्थान असण्याचे कारण नव्हते. मग आपल्याकडच्या फाँट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराचा आकडा तसाच ठेवायचा आणि फक्त त्याचे चित्र बदलायचे. संगणक मनात इंग्रजी अक्षर धरून बसलेला आणि पडद्यावर मात्र आपल्याला अर्धा 'क' किंवा वेलांटीचा तुकडा दिसतो आहे, असा तो सारा देखावा होता. बरे, कोणत्या आकड्यावर कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवले. एकीच्या फाँटमधला मजकूर दुसरीच्या फाँटमध्ये वाचता येईना. यादी अकारविल्हे लावता येईना, शब्द शोधता येईना. ग्राहकाने एकदा फाँट घेतला की तो त्या कंपनीला जन्माचा बांधला गेला.

एके काळी गावोगावचा शेर आणि मण निराळा असे, तसाच हा प्रकार. वजनमापांतला तो घोळ आपण १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आणून मिटवला. अक्षरांच्या बाबतीत मात्र घोळ चालू राहिला, आणि तोही आपल्याकडे स्वतःचे उत्तम मानक असताना! हे मला अधिक बोचते.

होय, उत्तम मानक होते. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीमध्ये भारतीय भाषांसाठी संगणकीय तंत्र विकसित झाले. मोहन तांबे यांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडलेले आहे. पुढे हे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्यातून 'इस्की' ही संकेतप्रणाली आकाराला आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली. तिच्यामागचा विचार पाहा. अक्षराचे तुकडे न साठवता वर्ण साठवायचा. जोडाक्षर कसे दिसावे, ते संगणकाने पाहावे. आणि ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला मुळात एकच असल्यामुळे, देवनागरीतल्या 'क'ला जो आकडा, तोच बंगालीतल्या, तेलुगूतल्या आणि मल्याळममधल्या 'क'लाही. नुसती लिपी बदलायची की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत उमटतो! कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी उच्चारस्थानानुसार केलेली आपल्या पूर्वजांची मांडणी इतक्या काळानंतर संगणकाच्या कामी आली. 'इन्स्क्रिप्ट' कळफलकही त्याच विचारातला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबले की 'ख' येतो.

मग ही इस्की घरोघरी का पोहोचली नाही? राष्ट्रीय मानक असले, तरी फाँटच्या बाजारावर तिची सक्ती नव्हती आणि ज्या परदेशी प्रणालींवर आपले संगणक चालत, त्यांना ती पाळण्याची गरज वाटत नव्हती.

याच सुमारास, जानेवारी १९९१ मध्ये, कॅलिफोर्नियात युनिकोड कन्सॉर्शियमची रीतसर नोंदणी झाली. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक वर्णाला कायमचा, स्वतंत्र आकडा द्यायचा, हा तिचा उद्देश. १९९३ मध्ये आयएसओचे १०६४६ क्रमांकाचे मानक आले आणि तेव्हापासून दोन्हींचे आकडे जुळवून ठेवले जातात. आता आपल्यापैकी काहींच्या मनात जो प्रश्न आला असेल, तो मलाही पडला होता. आपले स्वदेशी मानक असताना अमेरिकेतल्या कंपन्यांनी मिळून केलेले मानक आपण डोक्यावर का घ्यावे?

याचे उत्तर मला त्या सारणीतच सापडले. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. देवनागरीला १२८ घरांचा एक वाडा, त्याशेजारी बंगालीला तसाच वाडा, मग गुरुमुखी, गुजराती. आणि प्रत्येक वाड्यात 'क' त्याच क्रमांकाच्या घरात. पाटी बदलली असली, तरी आतला संसार आपला आहे. भारत सरकारचे माहिती तंत्रज्ञान खातेही पुढे कन्सॉर्शियमचे सदस्य झाले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक अधिसूचित केले.

तरीही, मानकाच्या बैठकीत आपला माणूस जागा असावा लागतो. आपल्या मराठीचेच पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला या आडव्या रफाराची गरज नाही, मराठीला आहे. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती शिल्लक राहिल्या. दिसायला दोन्ही सारख्या, पण आतले आकडे वेगळे. त्यामुळे 'दऱ्या' हा शब्द डोळ्यांसमोर असूनही शोधल्यावर सापडत नाही, असा अनुभव आजही येतो. 'ॲ' या अक्षराला स्वतःचे घर मिळायला २००८ साल उजाडावे लागले. आपल्या वळणाचा 'ल' आणि 'श' हा मात्र मानकाचा प्रश्न नव्हे. तो फाँट काढणाऱ्याचा. मराठी माणसे अनेकदा चुकीच्या दारावर जाऊन भांडतात, म्हणून हे सांगितले.

वेळेवर दार ठोठावले की काय होते, त्याचेही उदाहरण आहे. १५ जुलै २०१० रोजी केंद्राने रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले. लगेच काही फाँटवाल्यांनी जुनीच खोड केली आणि कळफलकावरच्या दुसऱ्याच एका चिन्हाच्या जागी रुपया बसवला. ज्याच्याकडे तो फाँट नाही, त्याला रुपयाऐवजी ते दुसरेच चिन्ह दिसे. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत रुपयाला स्वतःचा आकडा मिळाला आणि तो गोंधळ वाढण्याआधीच आटोपला.

आंतरराष्ट्रीय म्हटले म्हणजे सारे न्याय्यच असते, असे मात्र समजू नका. कार्यालयीन दस्तऐवजांसाठी ओडीएफ हे खुले मानक आयएसओने २००६ मध्येच स्वीकारले होते. तरीही मायक्रोसॉफ्टने आपले ओओएक्सएमएल हे स्वरूप जलदगती मार्गाने पुढे आणले. हजारो पानांचा तो मसुदा! भारतीय मानक ब्यूरोच्या समितीने त्याची छाननी केली आणि २००७ मध्ये भारताने विरोधी मत नोंदवले. २००८ मध्येही ते बदलले नाही. मानक मंजूर झाले. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी केलेली अपिले फेटाळली गेली. आपण हरलो खरे. पण त्या समितीने पानन् पान वाचून दिलेला तो नकार मला अभिमानास्पद वाटतो. १९४६ मध्ये लंडनला ज्या पंचवीस देशांच्या प्रतिनिधींनी आयएसओच्या स्थापनेचा निर्णय केला, त्यांत भारत होता, हेही या निमित्ताने ध्यानात घ्यावे. तेव्हा आपण स्वतंत्रही झालो नव्हतो.

कार्यकर्त्यांना एकच व्यवहाराची गोष्ट सांगतो. आपल्या कार्यालयांतील याद्या, इतिवृत्ते, स्मरणिकांचे लेख यांपैकी बरेच साहित्य आजही जुन्या फाँटमध्ये पडून आहे. छपाईची केंद्रे अजून ते फाँट वापरतात, त्याला इलाज नाही. पण मूळ प्रत युनिकोडमध्ये करून आपल्याकडे ठेवा. जुने साहित्य असेल, तर ज्या फाँटमध्ये ते टंकित झाले, त्याचे नाव माहीत असलेला माणूस हयात आहे, तोवर त्याला गाठा.

गुरुजींच्या फाईलचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने एक छापील नमुना समोर ठेवून कोणत्या खुणेमागे कोणते अक्षर दडले आहे, याची सारणी हाताने तयार केली. त्याला चार महिने लागले. पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे की पलीकडे, यावरच त्याचे कित्येक दिवस गेले. सहा प्रकरणे वाचता आली. ती गुरुजींच्या नातीकडे आहेत. तिसरी फ्लॉपी मात्र बुरशीने गेली होती. पाणी ओसरल्यावर गुरुजी आपल्या शाळेत परतले तेथपासूनची शेवटची तीन प्रकरणे तिच्यावर होती.