बोलून लिहिलेला कोड



हात साथ देत नसतील,
तर कॉम्प्युटरचा कोड लिहिता येतो का?
येतो. आवाजाने येतो.

टॅव्हिस रड हे प्रोग्रामर.
टायपिंगच्या सततच्या ताणाने त्यांचे हात दुखावले.
त्यांनी बोलून द्यायच्या स्वतःच्या सूचना रचल्या,
आणि 2013 साली प्रोग्रामरांच्या पायकॉन परिषदेत
बोलत बोलत कोड लिहून दाखवला.

साधं श्रुतलेखन इथे पुरत नाही.
एक कंस चुकला, की प्रोग्राम अडतो.

आज ‘टॅलन’ नावाचं सॉफ्टवेअर आहे.
त्यात प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक छोटा शब्द आहे.
‘एअर’ म्हटलं, की ए.
‘बॅट’ म्हटलं, की बी.
ओठांनी ‘पॉप’ असा आवाज काढूनही
माऊसचं बटण दाबता येतं.

हात थांबले, तरी कोड थांबत नाही.

पण आवाजाला शांतता हवी.
आपलं शिवाजी पार्क
मुंबई उच्च न्यायालयाने 2010 साली शांतता क्षेत्र ठरवलं.
मैदानाभोवतीच्या घरात
मायक्रोफोनसमोर काम करणाऱ्यालाही
ही शांतता मोलाची आहे.

आणि ऑफिसात?
तिथे दार लावता येईल अशी एक छोटी खोली द्या.
हे उपकार नव्हेत.
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने
अशा वाजवी सोयी मान्य केल्या आहेत.

टॅलन मोफत उतरवून घेता येतं.
सोबत चांगला मायक्रोफोन मात्र घ्या.