धन्याची श्रद्धा आणि मजुराचे औषध

नाशिक हे क्षेत्र आहे, तसे ते आता कारखान्यांचेही गाव आहे. रामकुंडावर स्नान करून त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागलेला यात्रेकरू सातपूर ओलांडून पुढे जातो. आणि त्याच सातपुरात राज्य कामगार विमा योजनेचे, म्हणजे कामगारांच्या तोंडी असलेल्या ‘ई. एस. आय.’चे, रुग्णालय आहे. कारखान्याचा धनी वैष्णव असो, जैन असो, ख्रिस्ती असो, की कोणताच देव न मानणारा असो. त्याच्याकडील विमेदार मजुराची पत्नी या योजनेत संततिनियमनाचा सल्ला आणि उपचार मागू शकते, आणि तिच्या नवऱ्याच्या धन्याचा धर्म कोणता, असे तिला कोणी विचारीत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत काही विशेष आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु अमेरिकेसारख्या संपन्न देशात नेमक्या याच प्रश्नावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तंटा गेला, आणि निकाल धन्याच्या बाजूने लागला!

त्या देशात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी पगारवाढीवर सरकारी निर्बंध आले, तेव्हा चांगली माणसे राखण्यासाठी कारखानदार पगाराऐवजी आजारपणाचा विमा देऊ लागले, आणि पुढे तोच प्रघात पडला. पुढे २०१० च्या कायद्याने अशा विम्यात संततिप्रतिबंधक साधनेही विनामूल्य मिळावीत असे ठरले. हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या ‘हॉबी लॉबी’ या दुकानांचे मालक ग्रीन कुटुंब यांनी त्यास हरकत घेतली. हे कुटुंब धर्मनिष्ठ ख्रिस्ती असून रविवारी आपली सर्व दुकाने बंद ठेवते. मान्यताप्राप्त वीस साधनांपैकी सोळांविषयी त्यांची तक्रार नव्हती. उरलेल्या चारांनी गर्भाचा घात होतो अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्या पापाला आपला पैसा लागू नये एवढेच त्यांचे म्हणणे होते. ही श्रद्धा ढोंगी होती असे त्यांच्या विरोधकांनीही म्हटले नाही. ३० जून २०१४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष वेधले: गर्भाशयात बसवावयाच्या साधनाचा खर्च किमान वेतनावर राबणाऱ्या स्त्रीच्या जवळजवळ महिन्याभराच्या कमाईइतका होतो.

आपल्याकडे असा झगडा झालाच नाही असे मात्र नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. कॉलेज मिशनऱ्यांचे. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्या विषयाचा उघड प्रचार चालविला. चालकांना ते रुचले नाही, आणि १९२५ मध्ये कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. येथे विम्याचा पैसा नव्हता, औषधाची चिठ्ठी नव्हती. मास्तर वर्गात गणितच शिकवीत होता. तरीही धन्याची श्रद्धा नोकराच्या घरच्या चुलीपर्यंत पोहोचली. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, दारिद्र्य व खटले सोसून ते चालविले.

त्यांच्यावरील अशाच एका खटल्यात १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला. त्यांचे भाषण आंबेडकरांनीच तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. पण हेच आंबेडकर १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारचे मजूरमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकीर्दीत प्रा. बी. पी. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये सादर केला. १९४८ चा राज्य कामगार विम्याचा कायदा त्यातूनच निघाला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही योजना कायम राखली.

या योजनेतील खरी खुबी पैशाच्या वाटेत आहे. २०१९ मध्ये ठरलेल्या दराने धनी वेतनाच्या सव्वातीन टक्के भरतो, मजूर पाऊण टक्का. आणि दोहोंची रक्कम महामंडळाच्या निधीत एकदा मिसळली की तीतला कोणता रुपया कोणाचा हे ओळखता येत नाही. कोणती गोळी द्यावी हे डॉक्टर ठरवितो. धन्याचे पुण्य शाबूत राहते, मजुराचे औषधही. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या विमेदार स्त्रीला चौदा दिवस आणि पुरुषाला सात दिवस पूर्ण वेतनाइतका भत्ता मिळतो. (पुरुषांनी या सात दिवसांचा लाभ क्वचितच घेतला, ही गोष्ट निराळी.)

धन्याचा हात काढून सरकारच्या हाती कारभार दिला म्हणजे भय संपले, असेही मानू नये. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. एकाची श्रद्धा औषध नाकारते, दुसऱ्याचा उत्साह ते बळेच पाजू पाहतो; स्त्रीला विचारण्याची आठवण दोघांनाही राहत नाही.

शिवाय या योजनेला वेतनाची मर्यादा आहे. २०१७ मध्ये ती दरमहा २१,००० रुपये ठरली. अंबडच्या कारखान्यात त्याहून अधिक पगार घेणारा तरुण इंजिनियर कंपनीच्या मेडिक्लेमवर जातो, आणि त्या पॉलिसीच्या बारीक अक्षरांत संततिप्रतिबंध व नसबंदी यांचा खर्च बहुधा वगळलेला असतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये अपवादांचे जे ठराविक शब्द घालून दिले, त्यांतच हे कलम आहे. येथे कोणाची श्रद्धा आडवी आली नाही, कोणी न्यायालयातही गेले नाही. जे ग्रीन कुटुंबाला मोठा लढा देऊन मिळाले, त्याहून अधिक आपल्या विमा कंपन्यांना एका ओळीत मिळाले. सुशिक्षित गृहस्थांनी आपली पॉलिसी एकदा कपाटातून काढून ती ओळ अवश्य वाचावी.

आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत रोजाने मणी विरळणाऱ्या बाईपर्यंत तर ई. एस. आय.ही पोहोचत नाही, मेडिक्लेमही नाही. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात तांबी फुकट बसवून मिळते. त्या दिवसाची मजुरी मात्र बुडते.