विद्यापीठाच्या चर्चासत्रात पालकांचे काम


मुसलमानांची मुले मदरशातच शिकतात, हा समज सर्रास आढळतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने हे प्रमाण जेमतेम ३ ते ४ टक्के असल्याचे दाखवून दिले. अभ्यासकांनी आकडे मांडले नसते, तर आपले कोणी ऐकले असते? पण मुलगी सातवीनंतर घरी का बसते, शाळा लांब म्हणून की एस. टी. अवेळी म्हणून, हे तिची आईच सांगू शकेल. तेव्हा विद्यापीठात प्राध्यापक आणि सरकारी अधिकारी या प्रश्नांवर चर्चेला बसतात, त्या दिवशी आपणही गेले पाहिजे. केवळ चहापुरते नव्हे. इंग्रजी येत नाही म्हणून संकोच नको. प्रश्न मराठीत विचारा, उत्तरही मराठीतच मागा.